श्वानदंशाविषयी सुलभ माहिती

सोमवार, ६ जानेवारी

नवी डायरी. पहिले काही दिवस कोरे गेले, कारण मनन चालू होतं.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. थोडक्यात बोलणे. बायकोवर, म्हणजे विनोदिनीवर, न चिडणे.

आज सव्वाआठला उठलो. बेळगावची थंडी. संकल्पात हवामानाचा विचार राहून गेला होता.

अकराला डॉ. उपासना कांबळेंचा फोन. मूळच्या निपाणीच्या. आजी तानीबाई तंबाखूच्या वखारीत राबली, नातीनं खानापूर रोडला तिच्या नावानं दवाखाना काढला. दवाखान्याच्या ट्रस्टचा कायदा सल्लागार मी. म्हणजे वर्षातून दोन सह्या असतात, पण त्या माझ्याशिवाय होत नाहीत.

दवाखान्याची वेबसाइट होतेय. त्यात कुत्रं चावल्यावर काय करायचं, याचं एक पान हवंय. लोक जखमेवर चुना, मिरचीपूड भरून चार-चार दिवसांनी येतात, म्हणाल्या. मजकूर त्यांनी लिहिलाय. मी फक्त शुद्धलेखन तपासायचंय.

'तपासा'चा अर्थ मी 'लिहा' असा घेतला. कायद्यात शब्दामागचा हेतू बघतात.

मंगळवार, ७ जानेवारी

बाईंचा मजकूर आला. जसाच्या तसा उतरवतो :

"कुत्रं चावलं? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, मिरचीपूड, काहीही लावू नका. लगेच दवाखान्यात या. कुत्रं ओळखीचं असलं तरी या. रात्री आलात तरी चालेल."

संपलं. एवढंच.

कुणाचं कुत्रं? कुणाला चावलं? 'या' म्हणजे कोण या? साबण कुणी पुरवायचा? उद्या कुणी कोर्टात गेलं तर? हा मजकूर नाही, ही गच्चीवरून मारलेली हाक आहे. डॉक्टर म्हणून बाई उत्तम. लिखाण हा वेगळा धंदा.

गुरुवार, ९ जानेवारी

वेबसाइटचा मजकूर सुलभ कसा करावा, यावर नेटवर दोन तास वाचन. सार : वाक्यं छोटी, शब्द रोजचे, महत्त्वाचं आधी, मधे मोकळी जागा. सगळं पटलं. माझं लिखाण मुळातच असं आहे, हे वाचून बरं वाटलं.

कामाला सुरुवात. 'कुत्रं' ऐवजी 'श्वान'. कुत्रं म्हटलं की कुत्री सुटते, पिल्लू सुटतं. व्याख्या केली : "या पानापुरते 'श्वान' या संज्ञेत मांजर, माकड व कोल्हा यांचाही समावेश होईल." एका शब्दात चार प्राणी. यापेक्षा सुलभ काय असतं?

शनिवार, ११ जानेवारी

पहिला मसुदा पूर्ण. पाच पानं. सुरुवात अशी :

"ज्याअर्थी कोणत्याही व्यक्तीस (यापुढे 'दंशित' असे संबोधण्यात येईल) कोणत्याही श्वानाने, मग तो पाळीव असो वा भटका, जाणीवपूर्वक अथवा अनवधानाने चावा घेतला असेल, त्याअर्थी..."

'अनवधानाने' सुचल्यावर खुर्चीतून उठून एक फेरी मारली. पस्तीस वर्षांची वकिली अशा एका शब्दात दिसते.

विनोदिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती गॅसजवळ उभी होती. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जागची हलली नाही. दूध उतू गेलं तरी भान नाही. लिखाण माणसाला असं धरून ठेवतं. नंतर म्हणाली, "कुत्रं चावलेला माणूस तोवर बसून राहील का?" मी म्हटलं, बसावंच. धावपळ केली तर रक्तस्राव वाढतो.

हा मुद्दा मजकुरात घातला. सहा पानं.

सोमवार, १३ जानेवारी

माझी ज्युनिअर नीलम हिला मसुदा दिला. हुशार मुलगी. अर्ध्या तासानं विचारते, "सर, हे वाक्य कुठं संपतं?"

दुसऱ्या पानावर, म्हटलं. चौथी ओळ.

तिनं पेन्सिलनं तिथं खूण केली. म्हणाली, सर, माझे वडील हे वाचणार नाहीत. मी म्हटलं, त्यांना कुत्रं चावलंय का? म्हणाली, नाही. म्हटलं, मग गरज पडेल तेव्हा वाचतील.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. आदर.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

नेटवरच्या लेखात म्हटलंय, मजकूर साध्या माणसाला वाचायला द्या आणि काय समजलं ते विचारा. कॅम्पातले सुभेदार ज्योतिबा तिळगूळ घेऊन आले. रिटायर्ड, शिस्तीचा माणूस. खुर्चीत बसवलं, मसुदा हातात दिला. ताठ बसून शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "लई भारी लिवलंय वकीलसाहेब. एक नंबर."

विचारलं, काय समजलं?

"हेच की, दवाखाना कुत्र्याची केस घेत न्हाय."

मी म्हटलं, असं कुठं लिहिलंय? म्हणाले, "लिवलंय असं न्हाय. पर इतकं कोण बोलतंय म्हंजे नाय म्हणायचं असतंय. आमच्या पेन्शन हापिसातनं असंच पत्र येतंय."

निष्कर्ष : लष्करी माणसाला हुकूम कळतो, भाषा नाही. ही चाचणी बाद.

तिळगूळ चांगला होता. चार खाल्ले. गोड कमी करण्याचा संकल्प केलेलाच नव्हता, त्यामुळे मोडला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

डॉ. उपासनांकडे मसुदा घेऊन गेलो. बाहेर रांग होती तरी मला आत घेतलं. पहिलं पान वाचलं, बाकीची उलटून बघितली. हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "वकीलसाहेब, माणूस घाबरलेला असतो. एका हातानं जखम दाबून धरलेली असते, दुसऱ्या हातात मोबाईल असतो. पोर रडत असतं. त्याला बघता क्षणी कळलं पाहिजे."

अगदी बरोबर, म्हटलं. हा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. कोणत्या हातानं जखम दाबावी, याचा परिच्छेद घालतो.

बाई परत हसल्या, पण या वेळी थोडं कमी.

उद्यापासून आठवडाभर त्या ट्रेनिंगला हुबळीला आहेत. मी निघताना म्हणाल्या, वेबसाइटवाल्या रविराजला त्यांचाच मजकूर आहे तसा द्या, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.

ऱ्हस्व-दीर्घ बघताना जे काय बदलतं ते बदलतं.

शनिवार, १८ जानेवारी

खडेबाजारात रविराजच्या ऑफिसला गेलो. साड्यांच्या दुकानावर जिना चढून. माझी फाईल दिली. त्यानं विचारलं, "म्याडमनी ओके केलंय न्हवं सर?"

तत्त्वतः, म्हटलं.

मोबाईलवर पान उघडून दाखवलं. अंगठ्यानं वर सरकवत राहिला, सरकवत राहिला. म्हणाला, "सर, लई लांब होतंय. हे बघा, अजून चाललंय." मी म्हटलं, अक्षरं बारीक कर. केली. निम्म्यावर आलं. आणखी बारीक केली. पान दिसायला एकदम सुटसुटीत झालं.

तो म्हणाला, काळी अक्षरं ठेवूया, उठून दिसतात. मी म्हटलं, काळं म्हणजे निधनाची बातमी वाटते. फिकट राखाडी घे, मागं मोतिया. रुग्णाच्या डोळ्याला शांत. रविराजनं खांदे उडवले. कलाकारांच्यात असा मतभेद असायचाच.

दवाखान्याचा फोन नंबर शेवटी ठेवलाय. आधी दिला की लोक मजकूर न वाचताच फोन करतात.

सोमवार, २० जानेवारी

पान सुरू झालं! सगळ्या ग्रुपवर लिंक पाठवली. अंगठेच अंगठे. पुण्याहून पुतण्या आशुतोषनं विचारलं, "काका, हे कशाचं भाषांतर आहे?" मूळचंच आहे म्हटल्यावर त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

संध्याकाळी रविराजला फोन केला. असा आकडा मिळतो म्हणे, की लोक पानावर किती वेळ थांबतात. सरासरी नऊ सेकंद!

सहा पानांचा मजकूर नऊ सेकंदांत आकळतो. सुलभता म्हणतात ती ही.

बुधवार, २२ जानेवारी

बार असोसिएशनमध्ये विषय काढला. वेबसाइटची भाषा यावर एक व्याख्यान द्यायची माझी तयारी आहे, असं सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे निम्मा होकार.

व्याख्यानाचं शीर्षक ठरवलं. उद्या पाचला उठून मुद्दे काढायचे.

गुरुवार, २३ जानेवारी

साडेसातला उठलो. सुधारणा आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी डॉ. उपासनांचा फोन. हुबळीहून सकाळीच परतल्या. आवाज हळू होता. म्हणाल्या, येऊन जाता का.

गेलो. व्याख्यानाचं विचारतील असं वाटलं होतं.

नंदगडची मुलगी. आरोही. पाचवीत आहे. मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. बाप भरमा, गवंडीकाम करतो. त्यानं लगेच मोबाईल काढून आमचं पान उघडलं. बघता बघता एका ओळीवर थांबला. बाईंनी ती ओळ मला मोबाईलवरच दाखवली :

"सदर श्वान दंशिताच्या परिचयाचा असल्यास रुग्णालयात येणे आवश्यक नाही"

मी म्हटलं, पुढं वाचा. वाक्य पुढं आहे : "असे कोणीही, कोणत्याही कारणास्तव, समजू नये." स्पष्ट आहे.

बाई म्हणाल्या, मोबाईलवर ओळ तिथं तुटते.

भरमानं पोरीच्या पायाला चुना लावला, फडकं बांधलं. काल रात्री ते कुत्रं लाळ गाळत गल्लीभर फिरलं आणि सकाळी मेलं. तेव्हा हा पोरीला उचलून पहिल्या एस.टी.नं इकडं आला.

जखम धुतली. लस दिली, जखमेत वेगळं इंजेक्शन दिलं. मी विचारलं, आता धोका नाही ना? बाई म्हणाल्या, "बहुतेक नाही. पण बहुतेक हा शब्द मला आवडत नाही."

मला आजवर आवडायचा.

माझा मजकूर चुकीचा नव्हता. हे इथं नोंदवून ठेवतो. व्याकरणानं बघा, कायद्यानं बघा. माणसानं वाक्य पुरं वाचावं ही अपेक्षा गैर नाही.

शनिवार, २५ जानेवारी

बाईंनी माझं पान काढून टाकलं. त्यांचं चढवलं. तेच, 'कुत्रं चावलं?' वालं. मोठी काळी अक्षरं, फोन नंबर सगळ्यात वर.

मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर प्रतिवाद करता आला असता. पंचवीस मुद्दे तयार होते.

कायदा सल्लागार पदाचा राजीनामा लिहायला घेतला. 'ज्याअर्थी' पासून सुरुवात केली. तिसऱ्या पानापर्यंत राजीनाम्याचा विषय आला नाही. ठेवून दिला.

सोमवार, २७ जानेवारी

अ‍ॅसिडिटी. विनोदिनीनं ताकभात दिला. म्हणाली, "मुलीला बघून का येत नाही?" म्हटलं, माझा तिथं काय संबंध? पक्षकारही नाही, साक्षीदारही नाही.

तिनं ताट उचलून आत नेलं. या आठवड्यात माझ्याशी कुणी वादच घालत नाही.

दुपारी सरावासाठी म्हणून तोच मजकूर मी तीन ओळींत लिहून बघितला. सरावासाठीच. पहिली ओळ 'कुत्रं चावलं तर' अशी सुरू केली. पुढं 'आणि/अथवा' आलं. खोडलं. 'शक्यतो' आलं. खोडलं. पाच वाजता कागदावर 'कुत्रं चावलं तर' एवढंच होतं.

कागद लहान होता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

स्टॅम्प पेपरवरच्या सहीचं काम आहे, असं सांगून दवाखान्यात गेलो. सहीचं काम नव्हतं. आरोहीची लस होती, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणजे नीलमनं दवाखान्यात विचारून सांगितलं होतं, पण मी तसं लक्षात ठेवलं नव्हतं.

मुलगी बाकावर बसून बिस्कीट खात होती. दोन वेण्या, एक सुटलेली. पायाला पट्टी. भरमा शेजारी उभा. हातावर सिमेंटचे डाग. मला ओळखत नव्हता, पण कोट बघून बाजूला सरकला, बसायला जागा केली.

मीच विचारलं, काय झालं होतं?

त्यानं सगळं सांगितलं. कुत्र्याचं, चुन्याचं, मोबाईलचं. मग म्हणाला, "साहेब, लिवणाऱ्यानं बराबरच लिवलं आसंल. शिकलेली मान्सं लिवत्यात ती. मला पुढचं वाचाय आलं न्हाय. माझीच चूक. पोरीचं काय झालं आसतं तर मी..." आणि पोरीच्या सुटलेल्या वेणीकडे बघत राहिला.

खरं तर याच क्षणाची मी आठवडाभर वाट बघत होतो. समोरच्या पक्षानं चूक कबूल केली. स्वच्छ शब्दांत, कुणी न विचारता.

मी म्हटलं, "असू दे." त्याला वाटलं मी मोठ्या मनानं माफ करतोय. त्यानं हात जोडले.

बाहेर येऊन चहा सांगितला. पिता आला नाही. चहा फार गोड होता.

शनिवार, १ फेब्रुवारी

व्याख्यानाचं पत्र आलं. बार असोसिएशनच्या सेक्रेटरींचा 'बघू' खराच होकार होता. 'वेबसाइटची सुलभ भाषा : एक अनुभव.' पुढच्या शनिवारी.

घशाचं कारण सांगून नाही म्हटलं. घसा खरंच दुखतो. विनोदिनी मिठाच्या गुळण्या करायला सांगते.

सोमवार, १० फेब्रुवारी

थोडं बरं वाटतंय. शांतपणे विचार केला. बाईंचं पान आज जे आहे, त्यात माझाही अप्रत्यक्ष वाटा आहे. माझा मजकूर नसता तर त्यांचा किती चांगला आहे, हे कुणाला कळलं असतं?

रविराजला फोन केला. पानाच्या खाली बारीक अक्षरात 'भाषा सल्लागार : अ‍ॅड. चिंतामणी सांबरेकर' असं टाकता येईल का, विचारलं.

"येतंय की सर," म्हणाला. "पर मग फोन नंबर खाली सरकतोय."

राहू दे, म्हटलं.

बोलणं संपलं तरी फोन हातातच होता. माझ्याकडून 'राहू दे' एवढंच कसं काय आलं, कळत नाही. एरवी निदान एक 'तथापि' तरी आला असता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आरोहीची शेवटची लस. या वेळी कारण काढलं नाही. सरळ गेलो. विनोदिनीनं बेसनाचे लाडू दिले होते, तेवढंच.

डॉ. उपासनांनी मुलीचा पाय बघितला. जखम भरलीय, डोस पुरे झाले, खेळायला मोकळी. भरमानं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. उभा माणूस एवढा सैल झालेला मी कोर्टात सुद्धा पाहिला नाही, सुटकेच्या दिवशी सुद्धा.

मग कंपाउंडर शामू मधेच म्हणाला, "भरमा, हे बघ, वकीलसाहेब. वेबसाइटवरचं लिखाण हेच बघतात आमचं." त्याचं काही चुकलं नाही. त्याला एवढंच माहीत.

भरमानं डोळे उघडले. त्यानं खिशातनं मोबाईल काढला, पान उघडलं, पोरीच्या हातात दिला. म्हणाला, "वाच गं. आता कसं सोपं केलंय साहेबांनी. माझ्यासारख्याला बी कळतंय."

आरोहीनं वाचलं. उभ्या उभ्या, एका दमात, कुठंही न अडखळता. 'रात्री आलात तरी चालेल' पर्यंत. मग मोबाईल उलटा-पालटा करून बघितला, पुढं काही आहे का म्हणून. माझ्याकडे मान वर करून विचारलं, "आजोबा, हे तुमी लिवलंय?"

डॉ. उपासना केसपेपरवर लिहीत होत्या. लिहिता लिहिता पेन थांबलं.

मी म्हटलं, "व्हय."

आयुष्यात कोर्टात, घरात, कुठंच 'व्हय' म्हटलेलं नाही. का आलं, सांगता येत नाही.

मुलीनं थोडा विचार केला.

"एवढंच? हे तर मी पण लिवलं असतं."

भरमानं तिला दटावलं. शामू हसला. मी पण हसलो. डॉ. उपासनांचं पेन परत चालू झालं. त्यांनी मान वर केली नाही आणि मला खोटं पाडलं नाही. तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं.

लाडवांचा डबा मुलीला दिला आणि निघालो. खानापूर रोडनं चालत आलो. रिक्षा होत्या.

घरी आल्यावर विनोदिनीनं विचारलं, "कशी आहे मुलगी?"

"बरी आहे," म्हटलं.

ती हातातलं काम थांबवून पुढच्या वाक्यासाठी उभी राहिली. पुढचं वाक्य नव्हतं.